टिल्लूचा बोर्ड

माझं शेवटचं पोस्टिंग उत्तरेकडच्या एका आर्मी डॉग युनिटमध्ये होतं. मी हवालदार, काम डॉग हँडलरचं. तिथला नियम साधा. कुत्रा माणसाला चावला की रिपोर्ट होतो. रिपोर्ट झाला की बोर्ड बसतो. कुत्रा ठेवायचा की सुई देऊन कायमचा झोपवायचा, ते बोर्ड ठरवतो. हँडलर कुत्र्याची लीड धरून बाजूला सावधान उभा राहतो. मी तसा दोनदा उभा राहिलो. दोन्ही वेळा कुत्रा फिट ठरला.

रिटायर होऊन परतवाड्याला आलो. त्याच हिवाळ्यात मोर्शीकडच्या एका विकलेल्या संत्राबागेत टिल्लू सापडला. जुना मालक त्याला तारेनं बांधून निघून गेला होता. तार मानेत रुतली होती. मी ती पक्कडीनं कापली. त्यानं आधी माझा हात फोडला, मग स्वतःहून जीपमध्ये चढला.

नाव शोभानं, माझ्या बायकोनं ठेवलं. एवढ्या दांडग्या जनावराला टिल्लू. ती म्हणाली, “अंगानं मोठं हाये, नावानं तरी लहान राहू द्या.”

सकाळी पाचला फिरणं, तोंडाला मझलची जाळी, परत आल्यावर ट्रेनिंग. हील, सिट, डाउन तो पटकन शिकला. पण समोरच्या माणसाचा हात वर गेला की त्याच्या डोळ्यांतली ओळख निघून जायची. पेपरवाल्याला चावला. मग शेजारच्या बबनभाऊंना, ते दोरीवर धोतर वाळत घालत असताना. अमरावतीच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला औषधं दिली, बदलली, वाढवली. फरक पडला नाही.

तेवढ्यात मुलीला अकोल्यात नर्सची नोकरी लागली. तीन वर्षांची नात सोमवारपासून आमच्याकडे राहणार होती. रविवारी चहानंतर मी ओसरीवर बोर्ड बसवला. मी, शोभा आणि साक्षीला बबनभाऊ, पोटरीला पट्टी बांधलेले.

“बबनभाऊ, तुमचं म्हणणं सांगा.”

“काय सांगू? कुत्रं हाये, चावलं. तुमी चावले असते तं बोललो असतो.” ते एकटेच हसले. “ठेवा त्याले. मी कपडे मांगच्या अंगणात वाळवीन.”

एक मत ठेवण्याच्या बाजूनं. दुसरं मी धरूनच चाललो होतो. टिल्लूला रोज दुधात भाकर चुरून शोभाच द्यायची.

तिनं बांगड्या वर सरकवल्या. मनगटाच्या वर दातांच्या खुणा होत्या. बऱ्या झालेल्या.

“हे कधीचं?”

“संक्रांतीच्या आधीचं. केस बांधाले हात वर केला मी.”

“रिपोर्ट काहून नाही केला?”

“मी काय तुमची शिपाई आहो?” तिनं बांगड्या खाली ओढल्या. “सांगतलं असतं तं तुमी तवाच बोर्ड बसवला असता. सरकारी दवाखान्यात एकटीच गेली, सुया घेऊन आली.”

“मग आज?”

“माही चामडी जाड हाये. पोरीची नाही. अन् ते लेकरू दिवसभर हात वरच करते. कडेवर घे म्हणते.”

बबनभाऊंनी मान खाली घातली. मी शेवटचा पर्याय मांडला. ओळखीचा एक बागवान कुत्रा घ्यायला तयार होता, रात्रंदिवस बांधून ठेवायच्या अटीवर.

“तारेतून सोडवला तुमी,” शोभा म्हणाली. “आता साखळीले देता?”

बोर्ड संपला.

दुपारी अमरावतीला पोहोचलो. टिल्लू खिडकीला नाक लावून आला. टेबलावर घेऊ नका, जमिनीवरच करा, हात वर नेऊ नका, असं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं.

“मझल राहू द्या, काका.”

“काढतो.”

“रिस्क आहे.”

“माझी.”

मी हुकूम दिला, “डाउन.” परक्या माणसासमोर तो पहिल्यांदाच निवांत बसला. हनुवटी माझ्या बुटावर ठेवली. बाईंनी सुई खालूनच आणली. त्यांचा हात एकदाही वर गेला नाही. हनुवटीचं वजन वाढलं, ते मला बुटातून कळलं.

नात आली. घर भरलं. मला बसवेना. फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल दिलं, टाकी धुतली, धुतलेली टाकी पुन्हा धुतली. सकाळी पाचला फाटकाशी उभा असायचो.

“बसा नं घडीभर,” शोभा म्हणायची. “कोनं ड्युटी लावली तुमची तिथं?”

तालुक्यातले माजी सैनिक वर्षातून एकदा एका हॉलमध्ये जमतात. प्रत्येक जण उभा राहून आपल्या ड्युटीवर गेलेल्या साथीदारांची नावं घेतो, मग दोन मिनिटं मौन. माझा नंबर आला. मी म्हटलं, “लान्स नायक हरबंस. शिपाई तुकाराम.” बसायला वाकलो, पुन्हा ताठ झालो. टिल्लू ड्युटीवर पडला नव्हता. हुकूम मी दिला होता. असं नाव तिथं घेता येत नाही. मी बसलो.

मागच्या, बायकांच्या खुर्च्यांमधून शोभाचा आवाज आला. खणखणीत.

“टिल्लू.”

माना वळल्या. पुढच्या रांगेतल्या सुभेदारसाहेबांनी विचारलं, “कोणत्या युनिटचा, ताई?”

“आमच्या.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. समोर वळले आणि म्हणाले, “सावधान.”

सगळा हॉल उभा राहिला.