कौसल्याबाईंची मान

नंदनवन वस्तीतल्या कौसल्याबाई साड्यांना फॉल-पिको करून देतात. गांधीबागेतल्या दुकानांतून साड्यांचे गठ्ठे येतात आणि दिवसभर मशीन चालतं. एका उन्हाळ्यात मानेवर घामोळं आलं आणि त्यांचा हात तिकडे जाऊ लागला. घामोळं गेलं, खाजवणं राहिलं. वर्षं लोटली. मानेमागची चामडी जाड, काळी, रेघारेघांची झाली.

बुद्धपौर्णिमेला त्या विहारात खीर वाढायला उभ्या राहिल्या, तर एका बाईनं त्यांच्या मानेकडे पाहत हळूच त्यांच्या हातातला पळा काढून घेतला. त्या दिवसापासून कौसल्याबाई पदर मानेभोवती लपेटून घेऊ लागल्या.

शेवटी सून प्रीती त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाल्या, "हे दुसऱ्याला होत नाही. खाज येते म्हणून तुम्ही खाजवता, आणि खाजवल्यानं चामडी जाड होऊन आणखी खाज येते. मलम मी देते, पण हात तुम्हालाच आवरावा लागेल."

मलम प्रीती लावायची. एका दुपारी मशीनचा आवाज थांबला म्हणून ती पाहायला आली. सासूबाई हात मांडीवर पालथे ठेवून बसल्या होत्या. बोटं मांडीत रुतली होती, कपाळावर घाम होता.

"आई, काय झालं?"

"खाज येऊन राहिली. पाहून राहिली मी तिले."

प्रीती दारातच उभी राहिली. बऱ्याच वेळानं बोटं सैल पडली.

"गेली," कौसल्याबाई म्हणाल्या. "मले वाटत होतं, खाजवलं नाही तर जीव जाईन. ते तर आपल्या मनानंच जाते वं."

"पुन्हा येईल न?"

"येऊ दे न."

ती येतच राहिली. कधी कौसल्याबाई हरायच्या, नखांना रक्त लागायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तशाच बसायच्या. प्रीतीचा नवरा रवींद्र दर महिन्याला तंबाखूचा खर्रा सोडायची शपथ घ्यायचा आणि मोडायचा. या एवढ्याशा बाईत हा जोर कुठून येतो, प्रीतीला उमजेना.

हिवाळ्यात एका सकाळी मलम लावताना तिचं बोट थबकलं. चामडी मऊ लागत होती. काळसर डाग होता, पण त्यावर उन्हात बारीक लव चमकत होती.

"काय पाहून राहिली वं?"

"लव आली, आई."

कौसल्याबाईंचा हात वर निघाला आणि मध्येच थांबला. त्यांनी तो खाली घेतला.

"तूच सांग, कशी आहे?"

प्रीतीनं त्यांच्या मानेवर तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला.