हाडाचा पावा

भोरच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवते. मागच्या हिवाळ्यात आमच्या विभागानं ‘जगातलं सगळ्यात जुनं संगीत’ या विषयावर मुलांसाठी एक कार्यक्रम करायचं ठरवलं आणि ते काम माझ्याकडं आलं. मला गाण्यातलं फारसं कळत नाही. पण माणूस पहिल्यांदा काय वाजवायला लागला, कशावर वाजवायला लागला, हे वाचता वाचता मी त्यात अशी अडकले की भाजी लागल्याचं शेजारीण येऊन सांगायची.

सासर माझं पासलीचं, वेल्ह्याच्या पुढं डोंगरात. नोकरीमुळं आम्ही नवराबायको लेकराला घेऊन भोरला राहतो. सासूसासरे गावाकडं भातशेती आणि दोन म्हशी बघतात. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. भात झोडून झालं, पेंढा रचून झाला की मामांना थोडी उसंत मिळते. तशाच एका सुट्टीत मी चार दिवस पासलीला गेले होते.

मामा लहानपणापासून पावा वाजवतात. म्हशींमागं रानात जायचे तेव्हा शिकलेले, कुणी न शिकवता. म्हणून मी त्यांना मोबाईलवर एक चित्र दाखवलं. युरोपात एका गुहेत सापडलेली बासरी. गिधाडाच्या पंखातल्या हाडाची, बारीक, पिवळसर, एका ओळीत भोकं असलेली. चाळीस हजार वर्षांच्या आसपासची, असं मी सांगितलं.

मामांनी चष्मा लावला, चित्र मोठं करायला लावलं आणि बराच वेळ भोकांकडं बघत राहिले.

‘‘गुरं राखणारा आसंल,’’ ते म्हणाले.

मी म्हटलं, तेव्हा गुरं राखत नव्हते. शेती नव्हती, पाळलेली जनावरं नव्हती. शिकार करून खायचे.

हे त्यांना काही पटेना. त्यांचं म्हणणं असं की पावा वाजवायला माणसाला बसून राहायला लागतं, आणि माणूस बसून राहतो तो राखणीलाच. शिकारीला गेलेला माणूस पावा वाजवील तर शिकार पळून जाईल. ‘‘मग वाजवायचा कशापायी?’’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते कुणालाच माहीत नाही. त्यावर ते नाराज झाले. एवढी शिकलेली माणसं गुहेत उतरली, हाड शोधून काढलं, वर्षं मोजली, आणि एवढी साधी गोष्ट राहिली, याचं त्यांना वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांनी जाहीर केलं, की आपण तसला एक करून बघायचा. कार्यक्रमात मुलांना चित्र दाखवण्यापेक्षा वस्तू दाखव.

आत्या माळकरी आहेत. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. हाड या शब्दावरच त्यांनी हातातली परात खाली ठेवली. त्या आरडाओरडा करणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी मामांकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघून सावकाश अटी सांगितल्या. हाड उंबऱ्याच्या आत येणार नाही. घरातलं पातेलं त्याला लागणार नाही. आणि ज्यानं हात लावला त्यानं अंघोळ केल्याशिवाय चुलीपुढं यायचं नाही. एवढं सांगून त्यांनी परत पीठ मळायला घेतलं. मामांनी मला हळूच खूण केली. म्हणजे परवानगी मिळाली होती.

गिधाड कुठून आणणार. आता ती दिसतही नाहीत. मी मामांना म्हटलं, जगात पुष्कळ ठिकाणी लोकांनी मेंढीच्या, शेळीच्या पायाच्या हाडाच्या बासऱ्या केल्यात. मग मामा वेल्ह्याला गेले आणि मटणाच्या दुकानातून शेळीच्या पायाची हाडं घेऊन आले. ही पिशवी गावातून आणताना माळकरणीच्या नवऱ्याला जी कसरत करावी लागली, ती त्यांनी मला रंगवून सांगितली. ओळखीचं कोणी दिसलं की पिशवी पाठीमागं.

गोठ्यामागं तीन दगड मांडून, पत्र्याच्या जुन्या डब्यात आम्ही ती हाडं उकळली. मामांनी तारेनं आतला मगज काढला, राखेनं घासली, उन्हात वाळवली. मी म्हटलं, त्या लोकांकडं लोखंड नव्हतं, गारगोटीच्या धारेनं भोकं पाडायचे. मामांनी लगेच ओढ्यातून गारगोटी आणली, फोडून धार काढली आणि दुपारभर हाड खरडत बसले. संध्याकाळी भोकाच्या जागी नुसता खळगा पडला होता. ‘‘लई दमाची माणसं हुती,’’ ते म्हणाले आणि सुताराकडून गिरमिट मागून आणलं.

पहिलं हाड भोक पाडताना उभं तडकलं. दुसऱ्याला भोकं नीट पडली, पण ते वाजेना. नेहमीच्या पाव्याच्या तोंडात खुंटी असते, नुसतं फुंकलं तरी आवाज येतो. या जुन्या बासऱ्या नुसत्या नळीच्या, दोन्ही तोंडं उघडी. रिकाम्या बाटलीच्या काठावर फुंकतो तसं काठावर तिरकी फुंकर मारायची. मामांच्या ओठांना त्याची सवय नव्हती. ते गोठ्यात बसून फुस्स फुस्स करत राहायचे आणि म्हशी कान हलवायच्या.

त्या चार दिवसांत मी त्यांना आणि आत्यांना बाकीचंही सांगत राहिले. संध्याकाळी आत्या पडवीत तांदूळ निवडत बसायच्या, मामा अंगणात, हाडाला लागलेले हात आतल्या वस्तूंपासून लांब ठेवून. मी सांगायचे. चीनमध्ये क्रौंच पक्ष्याच्या हाडाच्या बासऱ्या सापडल्या, त्यातली एक तर अजून वाजते. इराककडं राजाराणीच्या थडग्यात तारांचं वाद्य सापडलं, त्याला बैलाचं सोन्याचं डोकं. बैल म्हटल्यावर मामा खूश झाले. आत्यांना आवडली ती सीरियातली मातीची पाटी. तिच्यावर एक आख्खं गाणं लिहून ठेवलंय, कसं वाजवायचं तेसुद्धा. देवीचं गाणं. ती देवी फळबागांची, आणि चंद्राची बायको.

‘‘काय मागितलंय तिच्यापाशी?’’ आत्यांनी विचारलं.

मी सांगितलं, ती भाषा आता कुणी बोलत नाही. शब्द नीट लागत नाहीत.

सुपातला एक खडा बाहेर टाकून त्या म्हणाल्या, ‘‘मागणारीण बाई आसंल तर ल्येकरू मागितलं आसंल.’’ काही अभ्यासकांचाही तसाच अंदाज आहे, हे मी त्यांना सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. त्यात त्यांना काही विशेष वाटलं नाही.

मी भोरला परतले तेव्हा हाड मुकंच होतं. आठवड्यानं मामांचा फोन आला. आधी थोडी खरखर, मग एक लांब, दमेकऱ्यासारखा पण स्वच्छ सूर. तिसरं हाड होतं ते. मी वर्गाबाहेर व्हरांड्यात उभी होते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फोनवर मामांच्या पाठीमागून आत्यांचा आवाज ऐकू आला, की मोबाईलला आता तोच हात लावलाय, तो पुसून घ्या.

तेव्हाच मी त्यांना म्हटलं, कार्यक्रमात तुम्हीच वाजवा. त्यांनी आढेवेढे घेतले, पण टोपी धुवायला टाकली असं नंतर आत्यांनी सांगितलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दोघं पहाटेच निघून नसरापूरला गाडी बदलून भोरला आले. आत्यांनी लग्नाकार्यातलं लुगडं नेसलं होतं. हाड मामांच्या सदऱ्याच्या आत होतं, रुमालात गुंडाळून, आणि आत्या एसटीत मामांपासून एक बाक सोडून बसल्या होत्या.

सभागृह मुलांनी भरलं होतं. मी चित्रं दाखवली, बोलले, मग मामांना पुढं बोलावलं. ते उभे राहिले, सगळ्यांना नमस्कार केला, हाड ओठांना लावलं आणि फुंकलं. आवाज आला नाही. परत फुंकलं. नुसती हवा. त्यांचं तोंड कोरडं पडलं होतं. मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली, कोणीतरी हसलं. मामा ओठ पुसत राहिले, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं, माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी. मी पाण्याचा पेला त्यांना दिला आणि वेळ काढायला मुलांशी बोलायला लागले. म्हटलं, हाड टिकतं म्हणून बासरी सापडते. पण त्याच्याही आधी माणूस गळ्यानं गात असणार, आणि गळ्याचं काहीच मातीत सापडत नाही.

तेवढ्यात पहिल्या रांगेत बसलेल्या आत्या म्हणाल्या, ‘‘थांब गं पोरी जरा.’’

त्या उठल्या नाहीत. बसल्या जागी त्यांनी उजवा हात पुढं केला, झोळीची दोरी धरल्यासारखा, आणि तो हलवत गुणगुणायला लागल्या. शब्द नव्हते. तोंड मिटून, नाकातून येणारा चारपाच सुरांचा हेल, खाली जायचा आणि परत वर यायचा. लग्नाला बारा वर्षं झाली, मी त्यांना कधी गाताना ऐकलं नव्हतं. माझं बाळंतपण माहेरी झालं, मूल मोठं झालं भोरला; मला ऐकायला मिळणार कुठून? पण माझा नवरा याच हेलावर झोपला असणार.

मामांनी डोळे मिटले. आत्यांचा हेल एकदा पूर्ण होऊ दिला, दुसऱ्यांदा होऊ दिला. तिसऱ्यांदा त्यांनी हाड ओठांना लावलं, आणि सूर लागला. हाडाला सगळे सूर येत नव्हते. जे येत होते तेवढे मामा वाजवायचे, न येणाऱ्या जागी थांबायचे, आणि ती जागा आत्या भरायच्या.

संपल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलीनं उठून विचारलं, की मग आधी काय आलं, वाद्य का गाणं? मी उत्तर जुळवत होते. तिनं आत्यांकडं बघून विचारलं होतं, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

‘‘त्ये मला काय ठावं,’’ आत्या म्हणाल्या. ‘‘पर पोर रडाया लागल्यावर बाई गप बसंल व्हय?’’

मुलं हसली, आत्याही पदर तोंडाला लावून हसल्या. नंतर मुलांनी मामांना घेरलं, हाड हातात घेऊन फुंकून बघितलं. कुणालाच वाजेना, तेव्हा मामांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते बघण्यासारखं होतं. एका पोराला ते ओठ कसे धरायचे हे इतका वेळ शिकवत होते की त्यांची परतीची गाडी चुकली. मुक्काम आमच्याकडं पडला. रात्री जेवताना मामांनी मला विचारलं, की सुरुवातीला आवाज आला नाही याबद्दल कॉलेजातले मोठे साहेब तुला काही बोलले का. मी म्हटलं, साहेबांनी तुम्हाला पुढच्या वर्षीही बोलावलंय. त्यावर त्यांनी भात परत मागून घेतला.

उन्हाळ्यात मी पासलीला गेले तेव्हा मामा बांबूचा नवा पावा करत होते. आत्या आत भाकरी थापत होत्या, दार उघडं होतं. मामा बाहेरून त्याच हेलाचा एक तुकडा वाजवायचे आणि थांबायचे. आत्या आतून तोच तुकडा गुणगुणून दाखवायच्या, त्यांच्या पद्धतीनं. मामा म्हणायचे, असा नव्हता. आत्या म्हणायच्या, पोरं मी झोपवलीत का तुमी? मग तव्यावर भाकरी फुगायची, आणि मामा परत पहिल्यापासून सुरू करायचे.