डाव्या हाताची वेणी

बहात्तरच्या दुष्काळानंतर मी शिरूरहून रोज एस.टी.ने दौंडला शिकवायला जात असे. स्टँडवर गजरे विकणाऱ्या मावशींचं नाव मी कधी विचारलंच नाही. त्यांच्या उजव्या हाताची बोटं कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली होती. दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून त्या एकट्या डाव्या हातानं फुलं गुंफत.

एकदा त्या मला गजरा माळत होत्या. मी विचारलं, "एका हातानं हे कसं जमतं, मावशी?"

"जखम आपसूक भरली, बाई. मग ह्यो हातबी हळूहळू शिकला." माझ्या वेणीवरून त्यांचा हात निघेना. "पर वेणी घालाया शिकला, तवर लेक सासरी गेली."

दुसऱ्या दिवशी मी फणी पिशवीत टाकली आणि केस मोकळेच ठेवून स्टँडवर गेले.