गंगावन गंगार्पण

चहा आधी संपवून घ्या बायांनो, मग सांगते. मागच्या वेळी ऐकताना एकीला ठसका लागला आणि बोल माझ्यावर आला.

तर मी एकदा गंगेत बुडून मेले. हसताय काय? रामकुंडावर, भर गर्दीत, ऋषिपंचमीच्या दिवशी मेले. आणि माझ्या मरणावर काठावर उभं राहून सगळ्यांत जास्त कोण रडलं असेल, तर मीच. असला गाढवपणा नाशकात दुसऱ्या कुठल्या बाईच्या हातून झाला असेल तर मला भेटवा, मी तिची ओटी भरीन.

आमची ठकी गोवराने गेली ते तुम्हाला ठाऊकच आहे. चार वर्षांची होती. त्याबद्दल मी आज बोलणार नाही. लोक भेटून गेले, रडून झालं, आता सगळं निवलं असं वाटायला लागलं, आणि मग माझे केस गळायला लागले. फणी फिरवावी की मूठभर केस फणीत. उशीवर केस, पोळीत केस. पुढे कानामागे चाई पडली, अगदी गुळगुळीत. मग टाळूवर पडली. मानेवर पुरळ उठलं ते वेगळंच. खाजवून खाजवून मी अर्धी झाले.

वैद्यबुवांकडे गेले. त्यांनी नाडी बघितली, डोळे मिटले आणि म्हणाले, "काळजीने आधी झोप जाते, मग कांती जाते, मग केस जातात. काळजी सोडा."

काळजी म्हणजे काय मांजर आहे, पोत्यात घालून गंगेपलीकडे सोडून यायला? आणि मांजर तरी सोडलेलं राहतं का?

त्यांनी पांढरी गुंज उगाळून लावायला सांगितली. लावली. चाईच्या जागी फोड आले. मग माक्याचं तेल झालं, जास्वंदीची फुलं झाली. शेवटी शेजारच्या गोदाक्का म्हणाल्या, "वैद्याला काय कळतंय? कांद्याचा रस चोळ." त्यांना मी माझ्या नणंदेचे केस जातायत म्हणून सांगितलं होतं. मला नणंदच नाही हे त्यांच्या लक्षात आलं नाही, देवाची कृपा.

मग मी रोज दुपारी कांदा किसून डोक्याला चोळायला लागले. वर घट्ट पदर. काय तो वास! संध्याकाळी हे पेढीवरून यायचे, पानावर बसायचे, दोन घास खायचे आणि डोळे पुसायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माझ्या डोक्याच्या वासानं यांच्या डोळ्यांना पाणी येतंय, आणि मी म्हणायचे, "आजचा कांदा जरा तिखट निघाला, नाही?" हे खाली बघून म्हणायचे, "हो, तिखट आहे."

हे तेव्हा भांडीबाजारात एका पेढीवर कारकून होते. आधीपासूनच मितभाषी, पण ठकी गेल्यापासून घरात शब्द म्हणून निघेना. माझ्याकडे मान वर करून बघत नव्हते. मी काय समजायचं? मी समजले की यांना कळलं. बायकोला टक्कल पडतंय हे कळलं आणि मन उडालं. पोर राहिली नाही, रूप राहिलं नाही, आता या घरात माझं उरलं काय?

त्यातच एका रविवारी यांचे मित्र बापूराव आले. मी चहा घेऊन दारापर्यंत गेले आणि आतच थबकले.

हे म्हणत होते, "पहिलीचं काही खरं नाही राहिलं, बापू. गेल्यातच जमा धर. दुसरी बघतोय."

"घरात सांगितलंस?"

"नाही. तिला सोसायचं नाही. आधीच तिची ही दशा. दुसरी मिळाली की मगच सांगेन."

"देवळ्याला एक आहे म्हणे."

"कळलंय मला. पण त्यांना तरुण माणूस हवा. मी पडलो चाळिशीचा."

"तरी जाऊन बघून तर ये. बघायला काय जातंय?"

गेल्यातच जमा! आणि मी दाराआड जिवंत उभी, हातात कपबशा घेऊन. आपल्यात दुसरी करायला कुणाची आडकाठी आहे का? कायदा नाही, काही नाही. मांडवात पहिलीनंच पाट मांडायचे. चहा मी बाहेर नेऊन ठेवला, साखर घालायची राहिली. दोघंही तसाच प्यायले. ते बघून तर माझी खात्रीच पटली.

दुसऱ्याच दिवशी "सुया घ्या, पोत घ्या" करत एक बाई दारावर आली. तिच्या टोपलीत गंगावन होतं. गंगावन म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, खोट्या केसांचा झुपका. खांद्यापासून कमरेपर्यंत येईल एवढा, काळा कुळकुळीत. मी तो घेतला. माझ्या चार केसांत गुंतवून हा एवढा खोपा घातला आणि वर लग्नातलं चांदीचं फूल खोवलं. त्या फुलाची एक पाकळी ठकीने खेळता खेळता मोडली होती, ती मी कधी जोडून घेतली नाही.

संध्याकाळी यांच्यासमोर तीनदा पाठ करून उभी राहिले. हे आमटीत बघत होते.

असे दिवस चालले होते आणि ऋषिपंचमी आली. गोदाक्का सकाळीच दारात. "चल इंदे, गंगेवर जाऊ. आज डोक्यावरून न्हायचं असतं." मी म्हटलं, कणकण आहे. त्या म्हणाल्या, "ऋषिपंचमीला गंगेत बुडी मारली की कणकण जाते." त्यांच्यापुढे कुणाचं चाललंय?

घाटावर बायकांची ही गर्दी. गंगेला पाणीही बरंच होतं. सगळ्यांनी आघाड्याच्या काड्या तोंडात धरल्या, मीही धरली. पदर डोक्यावर गच्च ओढून घेतला आणि एक बुडी मारली. वर आले तर डोकं हलकं लागलं. हात लावून बघते तर खोपा नाही. माझी चार केसांची शेंडी तेवढी मानेला चिकटलेली. समोर बघितलं तर माझं गंगावन चाललंय नारोशंकराच्या देवळाकडे, सुटून पसरलेलं, मधे चांदीचं फूल चमकतंय.

तेव्हा मी काय करायला हवं होतं? "अहो, ते माझं गंगावन, कुणी काढून द्या" एवढं म्हणायचं. पण सगळ्या आळीसमोर कसं म्हणू? मी पदर घट्ट केला आणि गप्प बसले. म्हटलं, जातंय तर जाऊ दे. गंगेचं गंगेला.

तेवढ्यात खालच्या अंगाला कुणीतरी ओरडलं, "बाई बुडाली हो, बाई! केस दिसताहेत!"

झालं. दोघा-तिघांनी उड्या टाकल्या. त्यातला एक पट्टीचा पोहणारा होता. त्याने हात मारत जाऊन केस धरले, ओढले आणि गंगावन हातात घेऊन वर आला. तोंड पांढरंफटक.

"बाई हाय खाली," तो म्हणाला, "म्या केस धरून वढली, तर केसच आलं हातात. बाई नाय आली."

बायकांनी एकच हंबरडा फोडला. आणखी माणसं पाण्यात उतरली. गोदाक्का माझा दंड धरून म्हणाल्या, "कोण गं असेल?"

"कुणास ठाऊक," मी म्हटलं. आता तर सांगायची सोयच उरली नव्हती. इतकी माणसं बुड्या मारताहेत म्हटल्यावर मेलेलंच बरं.

आणि मग त्या मेलेल्या बाईची कहाणी सुरू झाली. एक म्हणाली, सासरचा जाच असणार. दुसरी म्हणाली, मी तिला येताना बघितली, रडतच येत होती. तिसरीला तर नक्कीच ठाऊक होतं, "नवरा दुसरी करणार होता तिचा. पोरबाळ नव्हतं बिचारीला. एक होतं, तेही गेलं म्हणे." कुठून काढलं तिनं ते, देव जाणे. पण इतका वेळ मी धीर धरला होता तो संपला. त्या बिचारीसाठी मला असं रडू कोसळलं की मला आवरायला चार बायका लागल्या. ठकी गेली तेव्हाही मी इतकी मोठ्याने रडले नव्हते. गोदाक्का कानात म्हणाल्या, "अगं, तुझ्या नात्यातली होती का?"

मी मान डोलावली. खोटं कुठे होतं ते?

एवढ्यात नारोशंकराच्या पायऱ्यांवरून एक माणूस धावत आला. कोट, टोपी, हातात छत्री. बघते तर हे! या वेळी पेढीवर असायचे, ते घाटावर कसे? यांनी त्या पोहणाऱ्याच्या हातातलं गंगावन घेतलं, त्यातलं फूल बघितलं, मोडकी पाकळी बोटाने चाचपली आणि मटकन खाली बसले.

"माझीच आहे ती," हे म्हणाले. "नोकरी गेली ते मी तिला सांगितलं नाही. रोज इथे येऊन बसत होतो. तिला कुणीतरी सांगितलं असणार."

नोकरी? कसली नोकरी गेली? मी तिकडे डोळे फाडून बघत राहिले. तोवर हे उठले, छत्री बाजूला ठेवली, टोपी त्यावर ठेवली आणि सरळ पाण्यात उतरायला लागले. यांना पोहता येत नाही हो. अंघोळीला दोन तांबे जास्त घेतले तरी धाप लागते यांना.

मी हाक मारली, "अहो!"

घाटावरच्या निम्म्या पुरुषांनी मागे वळून बघितलं. वळले नाहीत ते हेच. पाणी कमरेला लागलं होतं. पुन्हा म्हटलं, "अहो, इकडे!" पुन्हा तेच सगळे वळले. नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं असं लहानपणापासून ऐकलेलं. पण इथे नाव न घेता ते संपायला आलं होतं. आणि नाव तरी कुठलं घेणार? घरात मी एकच ऐकलेलं, सासूबाई असताना हाक मारायच्या ते.

"ए दत्तू!" मी किंचाळले, आणि धावले. "दत्तू, मागे फीर!"

हे वळले. मी पाण्यात शिरून यांचा कोट धरला आणि पदर गेला खांद्यावर. आळीतल्या, पेठेतल्या, पंचवटीतल्या, सगळ्या बायकांसमोर माझं डोकं. इथे चाई, तिथे चाई, मधे चार केस.

माझ्या शेजारी एक म्हाताऱ्या सोवळ्या बाई उभ्या होत्या, तांबडं लुगडं नेसलेल्या, नवरा गेल्यावर केशवपन केलेल्या. त्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं, मग यांच्याकडे बघितलं आणि हळहळत म्हणाल्या, "अगं बये, एवढी घाई कशाला केलीस? तो तर अजून धडधाकट उभा आहे."

त्या चेष्टा करत नव्हत्या.

घरी आलो. ओल्या कपड्यांनी दोघं स्वयंपाकघरात बसलो. मी म्हटलं, "दुसरी बघताय ना? करा. मी पाट मांडीन."

"दुसरी कसली?"

"बापूरावांना सांगत होतात. पहिली गेल्यातच जमा, दुसरी बघतोय. देवळ्याची."

हे माझ्याकडे बघतच राहिले. कितीतरी महिन्यांनी मान वर करून बघत होते. "अगं, नोकरी," हे म्हणाले. "मंदीत पेढी बसली. देवळ्याला कांद्याच्या व्यापाऱ्याकडे एक जागा आहे म्हणून बापू सांगत होता. बायको कोण देणार मला? नोकरी देत नाहीत."

मला हसूही येईना आणि रडूही येईना. म्हटलं, "मग केसांचं तुम्हाला कळलं नव्हतं?"

"आज कळलं. घाटावर. सगळ्या गावाबरोबर."

"आणि रोज जेवताना डोळ्यांना पाणी यायचं ते? मला वाटायचं माझ्या डोक्याचा कांदा झोंबतोय."

यांनी कोटाची ओली बाही पिळली. मग म्हणाले, "कांदा कसला. ठकीचं पान शेजारी नसायचं."

रोज समोर बसून माझा नवरा रडत होता आणि मी त्याला कांदा तिखट आहे म्हणून सांगत होते. वैद्याला नाडी दाखवली, डोक्याला गुंज लावली, पण यांना एकदा विचारलं नाही. त्या दिवशी आम्ही दोघं ठकीसाठी मिळून रडलो. आधी कधी रडलोच नव्हतो मिळून.

पुढे देवळ्याची जागा यांनाच मिळाली. तरुण माणूस ठरला होता, तो वास सोसेना म्हणून पळाला. म्हणून तर आम्ही इथे आलो. केस म्हणाल तर आले परत, विरळ आहेत आणि बरेचसे पांढरे, पण माझे आहेत. इथल्या बायका विचारतात कशाने आले. मी सांगते, कांद्याने. खरं सांगायला बसलं तर एवढा चहा पाजावा लागतो.

आता हे रोज संध्याकाळी कांद्याच्या वखारीतून येतात ते डोळे लालबुंद करून, पाणी गळत. या खेपेला खरंच कांदा असतो. पण एकदा फसलेली बाई मी, विश्वास कसा ठेवू? दारातच हात धरते आणि म्हणते, "खरं सांगा, काय झालं?" हे म्हणतात, "अगं, कांदा आहे." मी म्हणते, "माझ्या गळ्याची शपथ घ्या." रोज. भर दारात, अख्ख्या गल्लीसमोर.

परवा समोरच्या आजीबाई आपल्या सुनेला सांगत होत्या, ते मी खिडकीतून ऐकलं. त्या नाशिकवाल्या बाईला नवऱ्याचा भरवसा नाही, रोज शपथ घालते. आणि मग आवाज बारीक करून इकडच्या बोलीत म्हणाल्या, "तेनी दुसरी शे वाटस."