जावयाचं सिलेंडर

पाण्यात बुडायसाठी विमानानं जाणारा आमच्या घराण्यात मी पहिला. बाकीचे सगळे नर्मदेतच भिजतात नि जेवायला घरी येतात.

आमची पल्लवी लग्न होऊन अंदमानात गेली. जावई निखिल तिथं बँकेत. सहा महिन्यांनी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. जबलपूरहून निघतानाच बायकोनं दम दिला.

"पहिल्यांदा लेकीच्या घरी चाललो. जावयासमोर हुशारी करू नका. त्यांच्या मनातून उतरलात तर पोरीला मान खाली घालावी लागंल."

"मी काहून हुशारी करीन?"

(चौथीत शाळा सोडली. हुशारी आणणार कुठून? पण बायकोला माझ्यावर भरवसा फार.)

तिसऱ्या दिवशी जावई म्हणाले, "बाबा, डायव्हिंग करू या. बोटीतून उडी नाही मारायची. किनाऱ्यावरून चालत चालत पाण्यात जायचं. पाठीवर सिलेंडर असतो."

सिलेंडर म्हटल्याबरोबर माझी छाती फुगली. जबलपुरात कमानिया गेटजवळ गॅसच्या शेगड्या दुरुस्त करण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. समुद्रात आपल्या लाइनचं काम निघंल असं वाटलं नव्हतं.

किनारा बांगडीसारखा वळलेला, पाणी शांत. मला त्या रबरी कपड्यात घालायला तिघं लागले. उशीच्या खोळीत गादी भरावी, तसं. शिकवणारी एक पोरगी होती, तिला सगळे दीदी म्हणत. मीही म्हटलं.

"अंकल, ये रेगुलेटर है. इससे आप..."

"रेगुलेटर हमको मत बताओ दीदी. रोज के दस खोलते हैं."

"अच्छा, तो आपको आता है?"

"पैंतीस साल से."

बायको आमच्या चपला धरून वाळूत उभी होती. "अहो, ऐकून घ्या नं, काय सांगून राहिली ती."

मी ऐकत नव्हतो. मान हलवत होतो. दोन्ही कामं एकदम मला जमत नाहीत.

छातीएवढ्या पाण्यात गेलो. दीदीनं गुडघ्यावर बसायला सांगितलं. जावई आधी बसले, पाठ माझ्याकडं. त्यांना हे सगळं येतं, दर रविवारी करतात. मी त्यांच्यामागं. डोकं पाण्याखाली गेलं. म्हणतात, तिथं पिवळे मासे होते, निळे मासे होते. मी एकही पाहिला नाही. मला दिसलं ते एवढंच, की जावयाच्या सिलेंडरच्या तोंडाजवळून भळाभळा बुडबुडे निघून राहिले!

आता आमचा धंदा असा, की नळीला साबणाचं पाणी लावायचं नि बुडबुडा आला की समजायचं, गॅस लीक. एक बुडबुडा दिसला तरी आम्ही गिऱ्हाइकाला घराबाहेर काढतो. इथं तर ढीगभर. नि गिऱ्हाईक कोण, तर एकुलत्या एका पोरीचा नवरा.

दीदीनं माझा पट्टा धरलेला होता, पण ती कुठलातरी मासा दाखवत होती. मी हात लांबवला. सिलेंडरचं बटण सापडलं. दोन-चार फेरे दिले, घट्ट केलं. बुडबुडे बंद. पस्तीस वर्षांत इतकं साफ काम माझ्या हातून झालं नव्हतं.

मग जावई उठले. उठले म्हणजे काय, पाण्यातून सुटलेच. तोंडातली नळी काढून, लालबुंद होऊन हवा गिळत उभे राहिले. मीही उठलो. आता आभार मानतील, तर आपण समोर असलेलं बरं.

"बाबा... हवा बंद झाली."

"मीच केली. लीक होतं. आता काही टेन्शन नाही."

दीदीनं त्यांच्या पाठीमागं जाऊन बटण पाहिलं, मग मला पाहिलं. "अंकल, वो लीक नहीं था. वो साँस छोड़ रहे थे."

"इतनी?"

"ज़िंदा आदमी इतनी ही छोड़ता है."

किनाऱ्यावरून बायको ओरडली, "काय झालं हो?"

तिच्या बाजूला पल्लवी मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. मोबाइल खाली न करता ती म्हणाली, "काही नाही आई. बाबांनी निखिलचा गॅस बंद केला."

बाहेर आल्यावर बायकोनं चपला खाली ठेवल्या. "तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"हुशारी करू नका."

"मग?"

"हुशारी कुठं केली? काम केलं."

जावई मोठे सज्जन. टॉवेलनं तोंड पुसत म्हणाले, "राहू द्या आई. माझ्या काळजीनंच केलं त्यांनी." माझा जीव भांड्यात पडला. मनातून उतरलो नव्हतो.

संध्याकाळी घरी पल्लवीनं चहा ठेवला. शेगडीची आंच पिवळी येत होती. माझे हात शिवशिवले. "दोन मिनटं दे, बर्नर साफ करून देतो," म्हणत मी उठलो. पण मी पोचायच्या आत जावई माझ्या नि सिलेंडरच्या मधे येऊन उभे. हात जोडलेले.

"बसा नं बाबा. आज आम्हाला चहाची इच्छाच नाही."

आता दुकानावर गिऱ्हाईक विचारतं, "भैया, अंडमान में क्या-क्या देखा?"

मी सांगतो, बाल्कनी. रोज चहा होईपर्यंत मला तिथंच बसवत. दाराची कडी आतून.