पहिला घाव भाऊजींचा

आत्माराम शिगवणला भोपळा आवडत नव्हता. एकटा भोपळाच कशाला, दोडका, पडवळ, दुधी, वेलीला लटकणारं जे काही असेल ते त्याच्या लेखी आजाऱ्याचं खाणं. आणि गंमत बघा, भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीतल्या त्याच्या बिल्डिंगमध्ये या माणसाचं नाव झालं ते भोपळ्यामुळेच.

ब्याण्णव सालची गोष्ट. परळची खोली विकून शिगवणांनी भाईंदर पूर्वेला वन-रूम-किचन घेतलं होतं. आत्माराम कुर्ल्याला बल्बच्या कंपनीत स्टोअरकीपर होता. नव्या भिंतींचा रंग वाळतोय न वाळतोय तोच कंपनीने गाशा गुंडाळला आणि सिल्वासाला निघून गेली. मुलगी लग्न होऊन पनवेलला गेलेली, बायको उर्मिला दहिसरच्या शाळेच्या ऑफिसात. म्हणजे सकाळी उर्मिला पर्स लटकवून निघायची आणि आत्माराम कॉटवर.

इंद्रलोकात दिवसा पुरुष औषधालाही सापडायचा नाही. सगळे सकाळीच मुंबईकडे पळायचे. एवढ्या बिल्डिंगमध्ये धडधाकट बाप्या घरी म्हणजे हा एकटा, आणि त्याचीच त्याला मेल्याहून मेल्यासारखी लाज. बेल वाजली तर उठायचा नाही. उर्मिला डब्यात दोडक्याची नाहीतर पडवळाची भाजी ठेवून जायची, ती हा पिशवीत भरून खाली कचऱ्यात टाकायचा, आणि स्टेशनवर जाऊन दोन वडापाव आणि वर जिलेबी हाणून यायचा. अहो, दुःख झालं की माणूस तळकट खातो, त्याला कोण काय करणार!

मग चपलेने उजव्या पायाचा अंगठा घासला आणि ती जखम काही केल्या भरेना. रक्त तपासलं तर साखर ही एवढी. डॉक्टर सरळ बोलणारे होते. भाताचा डोंगर अर्धा करा, ताटात भाज्या वाढवा, तळलेलं आणि गोड बंद, जखम सांभाळून रोज थोडं चाला, असं सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "शिगवण, जीभ सांभाळायची की अंगठा, ते तुम्हीच ठरवा."

आत्मारामने घरी येऊन तोंड फिरवलं आणि झोपला. त्याच्या मनात काय होतं ते त्याने कुणाला सांगितलं नाही, पण होतं ते असं, की अंगठा गेला तर गेला, नाहीतरी कुठे जायचंय आपल्याला. उर्मिला समजावून थकली, रडली, भांडली. पालथ्या घड्यावर पाणी. नवराबायकोचं अगदी विळ्याभोपळ्याचं सख्य झालं. एकाने बोलावं आणि दुसऱ्याने कापावं.

त्या साली गणपती झाले आणि भाद्रपद सरता सरता माणसं गावाहून परतली. कोकणातून येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही. कुणाच्या पिशवीत तवसं, कुणाच्या चिबूड, आणि लाल भोपळा तर घरटी एक. एका दुपारी बेल वाजली, वाजली, वाजतच राहिली. शेवटी आत्मारामने वैतागून दार उघडलं. दारात वरच्या मजल्यावरची मंदा, कडेवर मूल घ्यावं तसा भोपळा घेऊन.

ती म्हणाली, "भाऊजी, अख्खा भोपळा बाईमाणसाने फोडायचा नसतो. आमचे हे रात्री येणार. तेवढा पहिला घाव घालून देता का?"

आता ही रीत आत्मारामला नवी नव्हती. त्याची आईच सांगायची की भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा, त्याच्यावर बाईने पहिलं हत्यार चालवू नये. पुरुषाने घाव घालायचा, मग पुढच्या फोडी बाईने खुशाल कराव्यात. लग्न झालं तेव्हा हे त्याने उर्मिलालाही बजावून सांगितलं होतं, आमच्यात हे चालत नाही म्हणून. त्यामुळे मंदाला नाही म्हणायची सोयच नव्हती. त्याने माळ्यावरून गावचा कोयता काढला, अंगठा सांभाळत पाटावर बसला, आणि एका घावात भोपळ्याची दोन शकलं केली. मंदा खूश होऊन गेली. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी त्याच्याकडे काम घेऊन आलं होतं. आत्मारामने कोयता पुसला, धार बघितली आणि माळ्यावर न टाकता दारामागे ठेवला.

तासाभराने मंदा परत आली ती वाटी घेऊन. ज्याने फोडला त्याला वाटीभर द्यायची असते, म्हणाली. मेथीदाण्याची फोडणी, वर ओलं खोबरं, फोडी सालासकट, मऊ पण मोडलेल्या नाहीत. उर्मिलाने केलेली भाजी कचऱ्यात टाकता येत होती. शेजारणीने हातात दिलेली, त्यातून आपल्या हाताने फोडलेल्या भोपळ्याची, कशी टाकणार? त्याने नाक मुरडत खाल्ली. वाईट नव्हती.

पण मग पंचाईत झाली. वाटी रिकामी परत द्यायची नाही, ही रीत तर भोपळ्याच्याही वरची. घरात साखरेचा डबा होता. पण आपल्याला डॉक्टरांनी साखर बंद केलेली आणि दुसऱ्याला चिमूटभर साखर घालून वाटी द्यायची, हे त्याला बरं दिसेना. टोपलीत एक पेरू होता. तोच वाटीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या हंसाबेन आल्या. तोच भोपळा, तोच घाव, तीच वाटी. त्यांच्या भाजीत गूळ नव्हता. गुजराती बाईच्या भोपळ्यात गूळ नाही, याचं आत्मारामला जरा नवल वाटलं, विसरली असेल म्हणून त्याने सोडून दिलं. या खेपेला पेरूही नव्हता. मग त्याने काकडी चोचवली, दाण्याचं कूट घातलं, लिंबू पिळलं आणि कोशिंबीर वाटीत घालून दिली. जन्मात पहिल्यांदा त्या माणसाने स्वयंपाकघरात काहीतरी केलं. संध्याकाळी उर्मिलाने विचारलं, काकडी कुठे गेली, तर म्हणाला, वाटी द्यायची होती. दुसऱ्या दिवशी तिने किलोभर काकडी आणून ठेवली.

नवरात्रापर्यंत ही कीर्ती शेजारच्या बिल्डिंगमध्ये पोचली. पहिला घाव भाऊजींचा, असं बायका बोलायला लागल्या. आणि वाट्या येत राहिल्या. भोपळ्याचं दह्यातलं भरीत, पडवळात चण्याची डाळ, शिराळ्याच्या सालींची चटणी, अळूचं फदफदं. आता प्रत्येक वाटीत कोशिंबीर तरी किती दिवस घालणार? लोक नावं ठेवतील. आत्मारामने मंदालाच जिन्यात उभं करून विचारलं, मेथीदाणे आधी की हिंग? पहिली भाजी करपली. दुसरी खारट झाली, ती त्याने मुकाट्याने एकट्याने संपवली. तिसरी वाटीत घालण्याजोगी झाली.

भाजी करायची तर भाजी आणायला हवी. वडापावच्या गाडीवरून पुढे जाऊन तो रेल्वे फाटकापलीकडे बाजारात जायला लागला, तिथे मोरवा गावची शेवंती भाजी घेऊन बसायची. सुरुवातीला तिने जून भेंडी गळ्यात मारली. मग ओळख झाली आणि लांबूनच हाक यायला लागली, "काका, पडवळ कवळं हाय, बी न्हाय धरलेलं." आश्विनात रताळी आली, शिंगाडे आले, आवळे आले. सीताफळांकडे तो बघायचा आणि पेरू घ्यायचा. हा पेरू निवडताना त्याचा चेहरा बघण्यासारखा असायचा. भोपळासुद्धा गोडच, तेव्हा वाटीच्या वर नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. गोळ्याही चालूच होत्या. पण ताटातला भात उतरला, पाय चालता झाला, आणि दिवाळी उलटल्यावर अंगठ्याची जखम सुकली. डॉक्टरांनी पट्टी सोडली तेव्हा आत्माराम अंगठ्याकडे असा बघत होता की जणू पोरगं परगावाहून घरी आलंय.

अशी पाच-सहा वर्षं गेली. उर्मिलाचा डबा आता आत्माराम भरायचा. शाळेत मधल्या सुट्टीत बाया तिच्या डब्याभोवती जमायच्या, हे ती मुद्दाम घरी येऊन सांगायची. दरवर्षी भाद्रपद लागला की कोयत्याला धार लागायची. आत्माराम जरा फुशारलाही होता, खोटं कशाला बोला. आपण आहोत म्हणून या बायकांची रीत सांभाळली जातेय, असं तो चारचौघांत म्हणायचा.

अठ्ठ्याण्णव साली हंसाबेन घर विकून भावनगरला निघाल्या. सामान बांधून झालं होतं. निरोप घ्यायला आल्या तेव्हा हातात एक भोपळा होता. आत्मारामने सवयीने कोयता काढला आणि म्हणाला, आता तिकडे कोण फोडून देणार तुम्हाला? हंसाबेन मनमोकळ्या बाई. त्या हसल्या.

"अरे आत्मारामभाई, हमारे में तो लेडीज ही काटती है. वो तो उर्मिलाबेन घर घर जाके बोली थी, मेरे आदमी के पास ले जाओ, और सब्जी में गुड़ मत डालना."

एवढं बोलून, भोपळा टेबलावर ठेवून, नमस्कार करून त्या गेल्या. आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आत्मारामच्या भ्रमाचा भोपळा फुटला, आणि तोही एका घावात. मंदाची ती वाजत राहिलेली बेल. गुळाशिवायची भाजी. ज्याने फोडला त्याला वाटी, हे तर त्याने आईच्या तोंडूनही कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे एवढी वर्षं सगळी बिल्डिंग आपल्याला खेळवत होती. कामाचा माणूस म्हणून कुणी आलंच नव्हतं, दया करायला आल्या होत्या. त्याने कोयता खाली ठेवला आणि कितीतरी वर्षांनी भरदुपारी कॉटवर जाऊन आडवा झाला.

उर्मिला आली तेव्हा गॅस थंड होता. टेबलावर भोपळा, खाली कोयता, आणि नवरा भिंतीकडे तोंड करून. तिला ब्याण्णव सालच आठवलं. तिने विचारलं, पाय दुखतोय का? तो उठून बसला आणि हंसाबेन काय म्हणाल्या ते त्याने सांगितलं. आवाज चढवला नाही. म्हणाला, मला लहान मुलासारखं खेळवलंस.

उर्मिलाने पर्स ठेवली आणि त्याच्या शेजारी बसली. मान खाली घालणारी बाई नव्हती ती.

"हो, सांगितलं मी. दारोदार फिरले. तुम्ही या कॉटवर संपत होतात आणि मला ते बघवत नव्हतं. भोपळे मी पाठवले, कबूल. पण रिकामी वाटी परत द्यायची नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

आत्मारामला तो पेरू आठवला. करपलेली भाजी आठवली, एकट्याने संपवलेली खारट भाजी आठवली. ते खरंच कुणी सांगितलेलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने पुसलं नाही. तो उठला, टेबलावरचा भोपळा पाटावर आणून ठेवला आणि कोयता उर्मिलापुढे केला.

"आज पहिला घाव तू घाल," तो म्हणाला.

त्याला वाटलं होतं ती कचरेल, निदान देवाचं नाव घेईल. उर्मिलाने पदर खोचला, भोपळा आडवा केला, बोटं आत वळवली आणि एक घाव घातला. शकलं इतकी सरळ पडली, की तशी आत्मारामची कधी पडली नव्हती. तो बघतच राहिला. हा हात आजचा नव्हता.

"तू आधी फोडलायस भोपळा?"

"परळला राहायचो तेव्हा तुमची दुसरी पाळी असायची," उर्मिला म्हणाली. "भोपळा काय तुमची वाट बघत बसणार होता?"

आणि तिने दोन्ही शकलं त्याच्याकडे सरकवली. म्हणाली, फोडायला काय, कुणीही फोडेल. पुढचं तुम्ही करा, मला भूक लागलीय. आत्मारामने गॅस पेटवला आणि मेथीदाण्यांचा डबा काढला.