भंडारा उचलल्यानंतर

ओढ्यावरचा पूल कोसळला तेव्हा मी बातमीसाठी त्या गावात पहिल्यांदा गेलो. जिल्ह्याच्या दक्षिण भागातले ते गाव. पूल बांधल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात गेला होता आणि त्याच्याबरोबर दुधाचे कॅन घेऊन निघालेला एक शेतकरी मोटारसायकलसह गेला. ठेकेदार तालुक्याच्या नेत्यांचा पुतण्या. तुटलेला खांब बोटाने खरवडला तरी वाळू हाताला येत होती. गावातल्या प्रत्येकाने ती खरवडून पाहिली होती.

शेतकऱ्याच्या बायकोने चौकशीसाठी अर्ज केला. भरपाईचा विषय तिने काढला नाही. सिमेंट कुणी खाल्ले हे नेत्यांनी सांगावे, एवढेच तिचे म्हणणे होते. जाणत्यांनी तोड काढली: नेत्यांनी खंडोबासमोर भंडारा उचलून शपथ घ्यावी; ती घेतली, तर बाईंनी अर्ज मागे घ्यावा. देवाची हळद मुठीत घेऊन कोणी खोटे बोलत नाही, हे तिथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. बाई लगेच कबूल झाल्या. नेते हात लावणार नाहीत याची त्यांना खात्री होती. मलाही साधारण तसेच वाटत होते.

देवळाचा सभामंडप भरला होता. नेते चपला काढून आत आले.

“आबा, अजून येळ हाय,” बाई म्हणाल्या. “खोटं असंल तर हात लावू नका. तुमाला बी लेकरं हायेत.”

“वहिनी, तुमचा मालक माझा दोस्त हुता. लई येळा एका ताटात जेवलोय आमी.”

“म्हनून तर म्हनते.”

मागून कोणीतरी बोलले, “आबा, बारीक चिमूट घ्या, कमी लागंल.” दोघे-तिघे हसले.

नेत्यांनी मूठभर भंडारा घेतला. “पुलाचा एक रुपया माझ्या घरात आला असंल, तर देव बघून घेईल.” आवाज नेहमीचाच होता. तो पिवळा हात मला अजून दिसतो. येळकोटाचा गजर झाला, थांबला. बाई त्या हाताकडेच पाहत होत्या. त्याच दुपारी त्यांनी अर्ज मागे घेतला. शब्द दिला होता.

नंतर गाव वाट पाहू लागले. कशाची, ते कोणी बोलत नव्हते. नेते अंथरुणाला खिळल्याची अफवा दोनदा उठली. दोन्ही वेळा ते कुणाच्या तरी लग्नात पंगतीत वाढताना दिसले.

मग निवडणूक आली. गावातल्या प्रचारसभेत नेते म्हणाले, “मी भंडारा उचललेला मानूस हाय. समोरच्यानं उचलून दाखवावा.” टाळ्या पडल्या. जाणतेही टाळ्या वाजवत होते. बाई मागच्या रांगेत बसून होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या मला तालुक्याच्या कचेरीत दिसल्या. नवा अर्ज घेऊन आल्या होत्या.

“मावशी, तुम्हीच तर मागं घेतला,” लिपिक म्हणाला. “त्यांनी देवासमोर सांगितलंय ना?”

“देवाला इचारून झालं. आता तुमी इचारा.”

लिपिकाने शिक्का उचलला. मग दाराकडे पाहिले. दारात कोणी नव्हते. तरीही त्याने शिक्का खाली ठेवला.

“साहेब जेवून येऊ द्या,” तो हळू आवाजात म्हणाला.

बाई टेबलासमोरून हलल्या नाहीत.